एडीएस१११५ की एमसीपी३४२४: स्टेटस कसा वाचता, त्यावर निवड करा

भोसरी-चाकणकडच्या मशीनला ४-२० मिलिअँपचे (मोजमाप करंटच्या रूपात देणारे) तीन-चार सेन्सर जोडायचे आणि आयटूसी या दोन तारांच्या बसवरच भागवायचं, असं काम असलं की निवड बहुतेक एडीएस१११५ आणि एमसीपी३४२४ या दोन एडीसी चिपवर, म्हणजे व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या चिपवर, येऊन थांबते. गेन, रिझोल्यूशन, पत्ते डेटाशीटमध्ये आहेतच. खरा फरक कळतो तो 'रूपांतर झालं का?' हे चिपला विचारताना.

एडीएस१११५ला वेगळं स्टेटस रजिस्टर (चिपमधला स्थिती सांगणारा कप्पा) नाही. कॉन्फिग रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट, ओएस, ते काम करतो. १ लिहिला की सिंगल-शॉट, म्हणजे एकच रूपांतर, सुरू. वाचताना ० आला तर काम चालू, १ आला तर चिप मोकळी. अडचण अशी की उत्तर एका रजिस्टरात आणि रीडिंग दुसऱ्यात. कुठलं रजिस्टर वाचायचं ते सांगणारा पॉइंटर ०१वर (कॉन्फिगवर) नेऊन ओएस बघायचा, मग ००वर आणून डेटा घ्यायचा. १०० किलोहर्ट्झला एक बाइट ९० मायक्रोसेकंद खातो. दोन्ही वाचनांचे दहा बाइट म्हणजे ९०० मायक्रोसेकंद. पॉइंटर परत आणायचा राहिला तर कॉन्फिगच रीडिंग म्हणून हाती येतं: नुकत्याच चालू झालेल्या चिपमध्ये हेक्स ८५८३, म्हणजे उणे ३१३५७, डीफॉल्ट रेंजला सुमारे उणे १.९६ व्होल्ट. सेन्सर हलवला तरी आकडा ढिम्म राहतो आणि आपण वायरिंग उकलत बसतो.

हेही चालवून घेता येतं. मला खटकलं ते पुढचं. कंटिन्युअस मोडमध्ये (चिप सतत रूपांतर करत राहते तेव्हा) ओएसवरून रीडिंग नवं की जुनं हे कळत नाही, आणि मध्येच चॅनल बदलला तर चालू रूपांतर जुन्याच चॅनलवर पूर्ण होतं. म्हणजे टाकीच्या लेव्हलच्या खात्यात प्रेशरचा आकडा जमा होतो आणि तो कुणाचा हे त्या दोन बाइटवर कुठेच लिहिलेलं नसतं.

एमसीपी३४२४मध्ये डेटाच्या पाठोपाठ कॉन्फिग बाइट आपोआप येतो. पॉइंटर हा प्रकारच नाही. १६ बिटला हेक्स ८८ लिहा (पहिला चॅनल, वन-शॉट, गेन १), मग तीन बाइट वाचा. तिसरा ८८ असेल तर थांबा, ०८ झाला की रीडिंग ताजं. तिसऱ्या चॅनलचं असेल तर तिथे ४८ दिसतं. चॅनलचं नाव रीडिंगला चिकटूनच येतं. रूपांतराला साधारण ६७ मिलिसेकंद लागतात, पण आतलं घड्याळ चिपागणिक मागेपुढे असतं, म्हणून ठरावीक डिले देऊन मोकळं होऊ नका. बिट तपासा आणि १५० मिलिसेकंदांचा टाइमआउट ठेवा.

दोन ठिकाणी जपायचं. रेडी बिट (कॉन्फिग बाइटचा सर्वांत वरचा बिट) इथे उलटा आहे, वाचताना ० म्हणजे तयार. एडीएसचा कोड तसाच उचलला की जुनी रीडिंग गोळा होतात. आणि १८ बिटला डेटाचे तीन बाइट असल्याने कॉन्फिग चौथा येतो.

वेग हवा असेल तर मात्र एडीएसच घ्यावी: सेकंदाला ८६० रीडिंग, एमसीपीला १६ बिटवर १५. तिथे ओएसच्या नादी न लागता अलर्ट पिन वापरणं बरं, रूपांतर झालं की ती इशारा देते. हाय थ्रेशोल्डचा वरचा बिट १, लो थ्रेशोल्डचा ०, कॉन्फिगमधले कम्पॅरेटर क्यूचे बिट ००, आणि पिन ओपन-ड्रेन (स्वतः फक्त खाली खेचणारी) असल्याने सप्लायला १० किलोओहमचा पुलअप रेझिस्टर. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एडीएसचं मॉड्यूल सहसा हातोहात मिळतं, हीसुद्धा तिची जमेची बाजू.

लेव्हल, तापमान, प्रेशर अशा संथ सिग्नलला मात्र मी एमसीपी३४२४च बसवतो. १०० ओहमचा ०.१ टक्क्याचा रेझिस्टर लावला की २० मिलिअँपला २.० व्होल्ट होतात आणि चिपच्या २.०४८ व्होल्टच्या रेंजमध्ये नीट मावतात.