ई-सायकल जड चालतेय? 'मोटर गेली' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

ई-सायकल अचानक जड चालायला लागली आणि दुकानदार चाकाला हात लावायच्या आधीच "मोटर गेलीय" म्हणाला, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. साताऱ्यात माझ्या वडिलांकडून न केलेल्या कामाचे ५,२५० रुपये घेतले गेले. पैशांचा राग आहेच. त्याहून जास्त राग आहे तो त्या दुकानाने सायकलचा ब्रेक ज्या अवस्थेत परत दिला त्याचा.

बाबा निवृत्त आहेत. गुडघ्यांमुळे साधी सायकल सुटली, म्हणून मागच्या चाकात २५० वॅटची मोटर असलेली सायकल घेतली. सातारकरांना सांगायला नको, पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाताना चढ आणि येताना उतार. त्या चढाला मोटरचा आधार आणि उताराला डिस्क ब्रेकचा (चाकासोबत फिरणारी धातूची चकती दाबून थांबवणारा ब्रेक), एवढ्यावर बाबांचं बाजारहाट सुखाने चाललं होतं. मग एकदा मागचं चाक पंक्चर झालं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने चाक काढलं, पंक्चर काढून परत बसवलं, आणि तिथून सायकल जड झाली. चाक फिरताना शर्र-शर्र आवाज. पूर्ण चार्जवर तीसेक किलोमीटर जाणारी सायकल विसाच्या आत मान टाकायला लागली.

बाबा ई-सायकल दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेले. तिथल्या माणसाने सायकल थोडी ढकलून पाहिली आणि सांगून टाकलं, "काका, मोटरचे आतले गिअर जाम झालेत. आत्ता नाही केलं तर कंट्रोलरपण जाईल, मग पंधरा हजारांना पडेल." कंट्रोलर म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी डबी. बाबांनी विचारलंसुद्धा, "ब्रेक घासतोय का ते बघता का एकदा?" त्यावर उत्तर आलं, "ब्रेकचा काय संबंध काका, ही इलेक्ट्रिक आहे." सत्तरीच्या माणसाला असं ठासून सांगितलं की तो पुढे काय बोलणार?

बिल म्हणजे एका चिठ्ठीवर लिहिलेले आकडे: मोटर दुरुस्ती ३,२००, कंट्रोलर तपासणी ६००, नवीन डिस्क ९५०, मजुरी ५००. जीएसटी क्रमांक नाही, सही-शिक्का नाही, काढलेली जुनी डिस्क परत दिली नाही. सायकल मात्र हलकी चालत होती, त्यामुळे बाबा खूश.

राजवाड्याकडून उतरताना मागचा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट हँडलच्या मुठीला जाऊन टेकली. ब्रेक लागलाच नाही. पुढचा ब्रेक धड होता आणि वेग बेताचा होता म्हणून बाबा नीट घरी आले. तो दिवस आठवला की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

मी सायकल आमच्या ओळखीच्या जुन्या सायकल मिस्त्रींकडे नेली. ई-सायकल हे काही त्यांचं रोजचं काम नाही. त्यांनी आधी मागचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा, दोन बोल्ट काढून बाजूला केला आणि चाक उचलून फिरवलं. चाक आरामात फिरत राहिलं. "ताई, मोटरला काही झालेलंच नव्हतं," ते म्हणाले. मग मला वाकून बघायला लावलं. मोटरच्या झाकणाच्या प्रत्येक स्क्रूच्या खाचेत मागच्या पावसाळ्याचा चिखल वाळून घट्ट बसलेला होता. त्या स्क्रूंना पेचकस लागलाच नव्हता, मग आतले गिअर दुरुस्त कुठून होणार? 'नवीन' डिस्कचीही तीच गत. तिच्यावर घासल्याचे गोल चरे होते, सहाही बोल्टची डोकी गंजलेली होती, आणि एका कडेला बाबांच्या कुलपाच्या साखळीने पडलेला जुना ओरखडा होता. तीच डिस्क होती.

खरा बिघाड साधा होता. पंक्चरवाल्याने चाक बसवताना एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, एका बाजूला फ्रेमच्या खाचेत पूर्ण वर सरकवलाच नव्हता. चाक तिरकं, म्हणून डिस्क तिरकी, म्हणून ती कायम ब्रेकच्या पॅडला, म्हणजे डिस्क दाबणाऱ्या घासपट्टीला, घासायची. ब्रेक धरून सायकल चालवल्यावर मोटर जास्त ओढणार आणि बॅटरी लवकर उतरणार, दुसरं काय होणार? दुकानाने काय केलं, तर ब्रेकची वायर ढिली सोडली आणि आतल्या पॅडचा स्क्रू मागे फिरवला. घासणं थांबलं, पण ब्रेकही गेला. चाक तिरकं होतं तसंच राहिलं.

वायरवर चालणाऱ्या बहुतेक डिस्क ब्रेकमध्ये बाहेरचा एकच पॅड सरकतो. आतला जागेवर असतो आणि त्याचं अंतर स्क्रूने ठरवतात. म्हणून नुसती वायर कमी-जास्त करून हा ब्रेक जुळत नाही. मिस्त्रींनी सायकल दोन्ही चाकांवर सरळ उभी ठेवून मागचे नट सैल केले, एक्सल खाचेत पूर्ण बसवला आणि नट चांगले आवळले. मोटरच्या चाकाचे नट ढिले राहिले तर मोटरच्या जोराने एक्सलच खाचेत फिरतो आणि त्यातून येणारी मोटरची विजेची वायर पिळवटून तुटते, त्यामुळे त्याचे खास वायसर जसेच्या तसे परत बसले पाहिजेत. मग आतला पॅड डिस्कच्या अगदी जवळ आणला, कॅलिपरचे बोल्ट सैल करून ब्रेक दाबून धरला आणि दोन्ही बोल्ट थोडे-थोडे आलटून-पालटून आवळले. मागे पांढरा कागद धरून डिस्कच्या दोन्ही बाजूंना उजेडाची फट दिसते का ते पाहिलं. शेवटी ब्रेकची वायर नीट ताणली. घेतले १५० रुपये.

मोटरचं चाक पंक्चर झालं तर ते काढायची बहुतेक वेळा गरजच नसते. टायर एका बाजूने उतरवून ट्यूब बाहेर ओढली की काम होतं. पंक्चरवाल्याला हे आधीच सांगा. काढावंच लागलं, तर निघण्यापूर्वी चाक उचलून फिरवून बघा. मोटर अजिबात चालू होत नसेल तरी आधी ब्रेक लिव्हर पूर्ण परत येते का ते पाहा. बऱ्याच ई-सायकलींच्या लिव्हरमध्ये मोटर बंद करणारं बटण असतं, आणि लिव्हर अर्धवट अडकली की कंट्रोलर गेल्यासारखंच वाटतं. डिस्क तापलीय का हे बोट लावून बघू नका, भाजेल. पाण्याचा थेंब टाका, चरकन वाळला तर तापलीय. आणि आवाज घालवायला कुणी डिस्कवर तेल मारायला लागला तर तिथेच हात धरा. पॅड तेल पितात आणि मग ब्रेक लागत नाही.

ज्यांचे ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे वायरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, आहेत त्यांनी आणखी जपावं. शिमानोसारख्या कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये डॉट ऑइल, म्हणजे गाड्यांचं ब्रेक ऑइल, हाताशी असतं म्हणून तेच भरलं, तर आतली रबरी सील फुगून खराब होतात. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबली तरी पॅड ढकलणारे पिस्टन पुढे येऊन बसतात आणि चाक घासायला लागतं.

मी चिखल भरलेल्या स्क्रूंचे आणि डिस्कवरच्या ओरखड्याचे फोटो घेऊन दुकानात गेले. आधी आवाज चढला. फोटो दाखवल्यावर "पोरांकडून चूक झाली असेल" म्हणत डिस्कचे ९५० परत केले. मोटरचे पैसे द्यायला साफ नकार. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, आणि न केलेल्या कामाचे पैसे घेण्याबद्दल तर बोलायलाच नको. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. ती चिठ्ठी, पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद आणि सगळे फोटो मी जपून ठेवले आहेत. तुमच्यापैकी कुणाला साताऱ्यात मोटर दुरुस्तीचं असंच बिल लागलं असेल, तर झाकणाचे स्क्रू आजच बघा आणि सायकल धुवायच्या आधी फोटो काढून ठेवा.