चाकाचं कुलूप की साखळी?

मानव विकास योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली गावाच्या फाट्यावर उभ्या करून पोरी एस.टी.ने तालुक्याला जातात. दिवसभर त्या सायकलीकडं पाहायला कोणी नसतं. म्हणून कुलपाचा विचार नीट करावा.

मागच्या चाकावर बसवलेलं कुलूप सोयीचं खरंच. किल्ली फिरवली की दांडी आऱ्यांमधून आरपार जाते, चाक फिरत नाही. किराणा दुकानासमोर पाच मिनिटं थांबायला ते पुरतं. पण सायकल कशालाच बांधलेली नसते. दोघांनी उचलून मेटॅडोरमध्ये टाकली की गेली.

साखळी जड, खडखडते, उन्हात चटका देते. तरी फाट्यावर, आठवडी बाजारात मी साखळीच सांगेन. कडी जाड आणि कडक पोलादाची घ्या; प्लॅस्टिक चढवलेली बारीक तार घेऊ नका, ती कटरनं लवकर तुटते. साखळी फ्रेम आणि मागच्या चाकातून ओवून खांबाला आवळा. नुसतं पुढचं चाक बांधलं तर चाक तेवढं खांबाला राहतं. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका, टेकलं की हातोड्याचा घाव नेमका बसतो. साखळीचं कुलूपही दणकट हवं, चोर आधी तेच तोडतो.