यूडीआयडी कार्ड: काढाच, पण वैद्यकीय बोर्डाच्या दिवसाची तयारी करून जा

केंद्राच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र असलेलं हे कार्ड देतो. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, फी काहीही नाही. मला लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला आधार द्यायला कॅलिपर आहे. नोकरी अनुदानित शाळेत लिपिकाची. त्यामुळे माझं स्वतःचं कार्ड झालंच, शिवाय शाळेतल्या मुलांचे अर्जही माझ्याच टेबलावरून जातात. कार्ड काढावं का असं पालक विचारतात, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता हो म्हणते.

आधी काय होतं ते सांगते. माझा पहिला दाखला हाताने लिहिलेला, त्यावर सिव्हिल सर्जनचा गोल शिक्का. घडीवर विरला म्हणून लॅमिनेट केला, तर एका खिडकीवर ऐकवलं की लॅमिनेट केलेला चालत नाही. पुढे राज्याच्या एसएडीएम प्रणालीवरचं संगणकावर निघालेलं प्रमाणपत्र आलं, तरी नव्या कार्यालयात गेलं की तो कागद उजेडात धरून बघायचे आणि मग नजर पायाकडे जायची. साडी जरा वर करून कॅलिपर दाखवा, असं भर रांगेत सांगणारेही भेटलेत. आज हे लिहितानाही संताप होतो.

कार्ड आल्यापासून ते बंद झालं. एटीएम कार्डाएवढं आहे, पर्समध्ये मावतं. त्यावर फोटो, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी, क्यूआर कोड आणि 18 अक्षर-अंकांचा क्रमांक, आपल्या राज्याचा असेल तर एमएचने सुरू होणारा. टक्केवारी रंगावरूनही कळते: 40 टक्क्यांच्या आत पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 आणि त्यावर निळा. माझं पिवळं आहे. एसटीत कंडक्टर एक नजर टाकतो आणि 75 टक्के सवलतीचं तिकीट फाडतो, बास. टक्केवारी 65 च्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मं भाडं लागतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. प्राप्तिकरात जुनी करपद्धत घेतलीत तर 75 हजारांची वजावट मिळते (1961 च्या कायद्यात ते कलम 80यू होतं) आणि 80 टक्क्यांपासून पुढे सव्वा लाखाची. तुमच्यावर अवलंबून असलेल्या मुलाचं किंवा आईवडिलांचं दिव्यांगत्व असेल, तर तेवढीच वजावट त्यासाठीही असते (त्या कायद्यात कलम 80डीडी).

या कार्डाचा सगळ्यात मोठा उपयोग मला माझ्यापेक्षा आमच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत दिसला. त्याला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आजार. कोपराच्या सांध्यात रक्तस्राव झाला की हात आखडतो, पेन धरवत नाही. एरवी तो चारचौघांसारखाच धावतो, हसतो. "दिसायला तर धडधाकट आहे," हे वाक्य त्याच्या आईने किती ठिकाणी ऐकलंय. 1995 च्या कायद्यात 7 प्रकार होते, त्यात असा आजार बसतच नव्हता. 2016 च्या कायद्याने ते 21 केले आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आत आले. त्याचं कार्ड झालं तेव्हा त्याची आई शाळेत पेढे घेऊन आली होती. आता परीक्षेत जादा वेळ मागताना तिला प्रत्येक वर्षी नव्या माणसाला आजार पहिल्यापासून समजावून सांगावा लागत नाही.

आता त्रासाचा भाग, आणि तो मोठा आहे. कार्ड ऑनलाइन असलं तरी तपासणी रुग्णालयातच होते. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्र याच पोर्टलवरून निघतं, त्यामुळे सगळा जिल्हा ठरलेल्या वारी टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभा असतो. मी गेले तिथे नोंदणीची खिडकी व्हीलचेअरवरच्या माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकी उंच. बाकडी मोजकीच. अस्थिरोग तपासणी पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. कुबड्या घेतलेल्या एका आजोबांना दोन मुलांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. ज्यांच्यासाठी हा दिवस ठेवलाय, त्यांचाच विचार या दिवशी सगळ्यात कमी होतो. हे बदलायला नवा कायदा लागत नाही. तळमजल्यावरची एक खोली आणि वेळ लिहिलेलं टोकन पुरेल.

प्रत्यक्ष तपासणी मात्र माझी नीट झाली. डॉक्टरांनी कॅलिपर काढायला लावलं, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय टेपने मोजले आणि फरक कागदावर लिहिला. मग तळपायाला हात लावून "ढकला, आता वर ओढा" असं करत प्रत्येक स्नायूची ताकद 0 ते 5 मध्ये नोंदवली. टक्केवारी अंदाजपंचे ठरत नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसलं आणि बरं वाटलं.

त्यानंतर वाट बघायची. प्रमाणपत्र देण्याची मुदत नियमात एक महिन्याची होती, ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीत ती तीन महिने झाली. मला हे पटलेलं नाही. मुदत वाढवण्याऐवजी बोर्डाचे दिवस वाढवायला हवे होते. प्लास्टिकचं कार्ड पोस्टाने घरी येतं, पण त्यासाठी अडून राहू नका. अर्ज मंजूर झाला की पोर्टलवरून ई-कार्ड उतरवून घ्या, डिजिलॉकरमध्येही ठेवता येतं.

पाचपैकी कार्डाला मी साडेचार देईन. तपासणीच्या व्यवस्थेला दोन, तेही त्या डॉक्टरांमुळे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. अर्ज भरून देणारे दुकानदार मनाला येईल ते पैसे मागतात, म्हणून घरात कोणाला मोबाईल नीट वापरता येत असेल तर स्वतःच भरा. नाव आधारवर आहे अगदी तसंच लिहा, मराठीतलं नाव आपोआप उमटतं ते तपासून दुरुस्त करा. जुना दाखला असेल तर तो स्कॅन करून जोडा. बोर्डाचा वार फोनवर विचारून मगच निघा. जुने एक्स-रे, कानाच्या तपासणीचा ऑडिओग्राम, रक्ताचे रिपोर्ट, जे असेल ते सगळं सोबत न्या. पाणी आणि डबा न्या, औषधाची वेळ चुकवू नका. आणि अर्जात दुकानदाराचा मोबाईल नंबर कधीही टाकू देऊ नका. ओटीपी त्या नंबरवर जातो, आणि पुढे पत्ता बदलायचा किंवा कार्ड पुन्हा काढायचं म्हटलं की त्याच्याच दारात जावं लागतं.