वॉर्म: कचऱ्याचा हिशोब मांडणारी फुकटातली एक्सेल शीट

अमेरिकेच्या ईपीएचं, म्हणजे तिकडच्या सरकारी पर्यावरण संस्थेचं, वॉर्म (वेस्ट रिडक्शन मॉडेल) वापरून बघितलं, पाचपैकी चार स्टार. आत्ता जे चाललंय ते एकीकडे आणि नवा प्लॅन दुसरीकडे, म्हणजे उरलंसुरलं अन्न लँडफिलला (कचरा पुरायच्या जागी) न टाकता कंपोस्टला नेलं तर काय, असं टनात भरायचं की कार्बन उत्सर्जनातला फरक समोर येतो, वर कामाचे तास, पगार, टॅक्सपण दाखवतं, हे भारीच. फक्त टन म्हणजे तिकडचा शॉर्ट टन, ९०७ किलोचा, मी आपले हजार किलोवाले भरत बसलो आणि अख्खी संध्याकाळ गेली ना राव! आणि हो, आतले आकडे अमेरिकेतल्या लँडफिलचे, त्यामुळे आपल्या नगरपालिकेच्या रिपोर्टात जसेच्या तसे चिकटवू नका.