पासपोर्टवरचा शिक्का की संगणकातली नोंद?

वरुडकडची संत्र्याची बाग शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आईबाबा लेकीकडे अमेरिकेत पोचले, की गावातून फोन: "शिक्का मारला ना जी?" शिक्का डोळ्यांना दिसतो, रेंज नसली तरी वाचता येतो. पण शाई पुसट, तारीख तिरपी. आणि आता बऱ्याच विमानतळांवर तो मारतही नाहीत. परत निघताना तर अमेरिका शिक्का देतच नाही.

खरा सातबारा म्हणजे आय-९४, अमेरिकेत कधी आलात आणि कधीपर्यंत राहू शकता याची तिथल्या सरकारची नोंद. विमानाने येणाऱ्यांची कागदी चिठ्ठी २०१३ मध्ये बंद होऊन ही नोंद संगणकात गेली. सरकारी संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक टाकला की फुकटात निघते. व्हिसा १० वर्षांचा असो, मुक्काम कधीपर्यंत ते यातली तारीख ठरवते. फिरायला आलेल्यांना बहुधा ६ महिने. इथेच आपली माणसं फसतात, व्हिसाची तारीख पाहून निवांत बसतात. जाण्याची नोंद विमान कंपनीच्या प्रवासी यादीवरून लागते.

खोट एकच: नावात अक्षर इकडचं तिकडे झालं, की नोंद सापडत नाही. तरी मी आय-९४ च निवडीन. लेकीला सांगा, उतरल्याच्या आठवड्यात प्रिंट काढून तारीख बघ. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्तीला टाक.