तडकलेलं डोप: डागडुजी, रेज्युव्हिनेटर की नवं कापड?

जुन्या पायपर जे-३ कब या कापडाने मढवलेल्या विमानाच्या पंखावर, म्हणजे त्या कापडावर मारलेल्या डोप या लाखेसारख्या लेपात, गोल गोल तडे दिसू लागले की मालकापुढे चार वाटा असतात. तेवढ्याच जागेची डागडुजी करायची, सगळ्या पृष्ठभागावर रेज्युव्हिनेटर मारून जुनं डोप मऊ करायचं, रंग खरवडून काढून नव्याने रंगवायचं, किंवा कापडच बदलायचं. बहुतेक जण खर्चापासून विचार सुरू करतात आणि तिथेच फसतात. कापडावर नेमकं काय मारलेलं आहे आणि त्या कापडात जोर किती उरला आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की चारपैकी दोन वाटा आपोआप बंद होतात.

तडा नुसता कुरूप दिसतो म्हणून धोक्याचा नसतो. रंगाच्या खाली ॲल्युमिनियम पावडर मिसळलेला चंदेरी थर असतो आणि सूर्याचे अतिनील किरण अडवणं हे त्याचं काम. तडा तो थर भेदून गेला की ऊन थेट धाग्यावर पडतं. सुती कापड तर कुजतंच, पण अमर समजलं जाणारं पॉलिएस्टरही उघड्यावर झपाट्याने कमकुवत होतं. तपासणी सोपी आहे: हँगरमध्ये अंधार करून तपासणीच्या झाकणातून आत एलईडी दिवा सोडायचा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे कापड उघडं पडलेलं आहे. गरम होणारा बल्ब आत सोडू नये, कारण नायट्रेट या प्रकारचं डोप झटकन पेट घेतं.

आधी ओळख, मग ताकद

लॉगबुकात कापडाचं आणि रंगाच्या पद्धतीचं नाव असायला हवं. नसेल तर झाकणातून आत पाहावं, सेकोनाइटसारख्या पॉलिएस्टरवर छापील शिक्का असतो. आतल्या बाजूने गुलाबी ओघळ दिसले तर ती पॉली-फायबर, म्हणजे डोपऐवजी व्हिनाइल थर वापरणारी पद्धत, कारण तिचा पहिला थर, पॉली-ब्रश, गुलाबी असतो. कडेचा एखादा सुटा धागा विमानापासून लांब नेऊन जाळला तर सुताची राख होते आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो.

वरच्या रंगासाठी एमईके या द्रावकात भिजवलेली चिंधी मिनिटभर ठेवावी. डोप आणि पॉली-फायबरचे व्हिनाइल थर चिकट होऊन चिंधीला लागतात. एनॅमल सुरकुततं. दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग मात्र ढिम्म राहतो. डोप नायट्रेट की ब्युटिरेट या दुसऱ्या प्रकारचं हे ठरवायचं तर सल्फ्युरिक आम्लात डायफिनायलअमाइनचे खडे विरघळवून त्याचा थेंब काढलेल्या खपलीवर टाकतात. निळा रंग आला तर नायट्रेट. ही परीक्षा टेबलावर करावी, पंखावर नव्हे.

आता ताकद. ए ग्रेडचं नवं सुती कापड दर इंच रुंदीला ८० पौंड ताण सहन करतं. अमेरिकी नियमानुसार पंखावरचा भार दर चौरस फुटाला ९ पौंडांहून कमी आणि कमाल वेगमर्यादा ताशी १६० मैलांच्या आत असेल तर ४६ पौंडांखालचं कापड बाद, आणि त्यापेक्षा जड किंवा वेगवान विमानात ५६ पौंडांखालचं. कबचं कमाल वजन १,२२० पौंड आणि पंखांचं क्षेत्रफळ १७८.५ चौरस फूट, म्हणजे भार ७ पौंडांच्या आतच. तिला ४६ची मर्यादा लागू. नमुना नेहमी सर्वांत वाईट जागेवरून घ्यावा: वरच्या बाजूने, गडद रंगाखालून. पिवळ्या कबच्या अंगावर काळा पट्टा असतो. तो जास्त तापतो, म्हणून तिथलं कापड आधी कमजोर होतं. माउल टेस्टर या कापडावर दाबून बघायच्या उपकरणाने अंदाज येतो, पण आकडा सीमेवर असेल तर एक इंच रुंदीची पट्टी कापून ताणून बघण्याला पर्याय नाही. भोकाला ठिगळ लावता येतं. चुकीच्या आकड्याला नाही.

तडे का जातात

डोपमध्ये त्याला लवचीक ठेवणारं प्लास्टिसायझर असतं. ते वर्षानुवर्षं उडत जातं, डोप आकसत राहतं आणि एक दिवस काचेसारखं वागू लागतं. मग गारेने, चाकाने उडालेल्या खड्याने किंवा कोणी बोटाने टोचल्याने वर्तुळाकार तडे उठतात. असे तडे जागोजागी असतील तर दोष त्या जागांचा नाही, सगळा थरच ठिसूळ झालेला आहे. सरळ रेषेतले तडे बहुधा रिबच्या, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळीच्या, कडेने जातात: कापड ढिलं आहे आणि प्रोपेलरच्या झोतात फडफडतंय. चमक यावी म्हणून थरावर थर चढवलेला रंग आधी फुटतो, कारण जाड थर वाकताना पृष्ठभागावर जास्त ताणला जातो. मोटारीचं एनॅमल डोपवर मारलं असेल तर खालचं हलतं, वरचं हलत नाही, आणि तडा ठरलेलाच.

जागच्या जागी डागडुजी

दोन-चार वर्तुळं, बाकी डोप लवचीक आणि कापड भक्कम असेल तर हीच वाट. तड्याच्या पलीकडे ४-५ सेंटीमीटरपर्यंत थिनरची चिंधी ठेवून वर प्लास्टिकचा तुकडा झाकावा, म्हणजे थिनर उडत नाही. पंधरा मिनिटांत रंग लोण्यासारखा होतो. बोथट प्लास्टिकच्या पट्टीने तो काढावा. धातूची पट्टी आणि कोरडा घासकागद दोन्ही टाळावं. धागे पिंजले गेले की ताकद तिथेच संपली, शिवाय कोरड्या घासण्याने स्थिर वीज तयार होते. कडा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, उतरत्या कराव्यात. मग पातळ केलेल्या पारदर्शक डोपचे दोन-तीन हात ब्रशने, त्यावर उजेड दिसेनासा होईपर्यंत चंदेरी आणि शेवटी रंग. चंदेरीसाठी एका गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पारदर्शक डोपला ३ औंस, म्हणजे ८५ ग्रॅमच्या आसपास पावडर पुरते. पावडर आधी थिनरमध्ये कालवून घ्यावी. ‘जास्त चंदेरी म्हणजे जास्त संरक्षण’ या समजुतीने अनेकांनी रंग सोलून घेतला आहे: पावडर जास्त झाली की तो थर भुसभुशीत होतो आणि वरचा रंग सालासारखा सुटतो.

धागेच तुटले असतील तर ठिगळ. भोक आठ इंचांपर्यंत असेल तर ठिगळाची कड सर्व बाजूंनी दोन इंच बाहेर हवी. त्याहून मोठ्या भोकाला भोकाच्या सर्वांत मोठ्या मापाच्या पाव हिश्शाइतकी, जास्तीत जास्त चार इंच. १६ इंचांपलीकडच्या भोकाला असं नुसतं चिकटवलेलं ठिगळ चालत नाही.

रेज्युव्हिनेटर

या बाटलीबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. रेज्युव्हिनेटर म्हणजे तीव्र द्रावक आणि प्लास्टिसायझर यांचं मिश्रण. तो डोप वितळवून त्यात हरवलेलं प्लास्टिसायझर परत घालतो. कापडाची ताकद तो एका पौंडानेही वाढवत नाही. ४८ पौंडांवर आलेल्या सुती कापडावर महिनाभर राबून रेज्युव्हिनेटर मारणं म्हणजे पडायला आलेल्या भिंतीला रंग देणं. सुती कापड ६० पौंडांच्या वर असेल तरच आम्ही या वाटेला जाऊ.

पद्धत अशी. मेण आणि सिलिकॉन काढणाऱ्या द्रावाने सगळा भाग पुसायचा. सिलिकॉनचा अंश राहिला तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पृष्ठभागावरचा मेलेला थर ४०० नंबरच्या ओल्या कागदाने काढायचा. एका लहान भागावर आधी चाचणी घ्यायची. मग स्प्रे गनने ओला हात, ओघळणार नाही इतपत. थोड्या वेळात कापड ढिलं पडून लोंबल्यासारखं दिसतं. घाबरू नये, सुकताना ते पुन्हा ताणलं जातं. नखाने दाबून पाहावं: मऊपणा तळापर्यंत पोहोचला नसेल तर दुसऱ्या दिवशी आणखी एक हात. वरचाच थर मऊ झाला आणि खालचा ठिसूळ राहिला तर पुढच्या उन्हाळ्यात तडे त्याच जागी वर येतात. केसासारखे बारीक तडे मिटतात. नख अडकेल इतके रुंद तडे पारदर्शक डोप ब्रशने भरून बुजवावे लागतात. मग काही दिवस सुकू द्यायचं आणि चंदेरी व रंगाचे हात नव्याने.

दोन ठिकाणी ही वाट दगा देते. जुन्या डोपने आधीच शेपटीच्या पातळ नळ्या किंवा पंखाची मागची कड ओढून वाकवली असेल, तर ताणणारा रेज्युव्हिनेटर ती आणखी वाकवतो. तिथे न ताणणारा प्रकार घ्यावा. दुसरं म्हणजे पॉलिएस्टर. सुतात डोप मुरतं, पॉलिएस्टरला ते फक्त धाग्यांना वेढून धरतं, आणि तेही पहिला नायट्रेटचा हात नीट झिरपला असेल तरच. तड्याच्या कडेला मास्किंग टेप लावून ओढा. टेपबरोबर खपली निघून स्वच्छ कापड दिसलं तर रेज्युव्हिनेटर विसरा, ते डोप कधी धरलेलंच नव्हतं. पॉली-फायबरवर डोपचा रेज्युव्हिनेटर मारायचाच नाही, ते रसायनच वेगळं.

रंग उतरवणं

कागदावर ही मधली वाट आकर्षक दिसते. पॉली-फायबरचे व्हिनाइल थर एमईकेने पुसून काढता येतात, तेव्हा तिथे ती खरोखर चांगली आहे. पण डोपच्या संपूर्ण पंखावर ती नवं कापड चढवण्याहून जास्त श्रम मागते आणि शेवटी हाती जुनंच कापड राहतं. पॉलियुरेथेन तर उतरतच नाही. एलेव्हेटर किंवा रडर या शेपटीवरच्या हलत्या भागांएवढ्या पृष्ठभागापलीकडे आम्ही ती सुचवणार नाही.

नवं कापड

सर्वांत महाग, आणि सुती कबसाठी बहुतेक वेळा सर्वांत शहाणी वाट. पॉलिएस्टर आधी २५० अंश फॅरनहाइट (१२१ सेल्सियस) आणि शेवटी ३५० अंशांवर (१७७) इस्त्रीने ताणतात. इस्त्रीची तबकडी थर्मामीटरने तपासून घ्यावी, कारण त्यापुढे कापड कायमचं ढिलं पडतं. डोप लावायचं तर आधी नायट्रेट, मग ब्युटिरेट. उलटा क्रम चालत नाही, ब्युटिरेटवर नायट्रेट धरत नाही. खरा फायदा आतला आहे: शेपटीकडच्या खालच्या नळ्यांचा गंज, स्पारच्या (पंखाच्या मुख्य दांड्याच्या) भेगा, सडलेल्या केबल्स हे सगळं कापड काढल्याशिवाय दिसत नाही. शिवाय जुने थर निघून जातात. रेज्युव्हिनेटर, चंदेरी आणि रंग यांनी वजन वाढतंच, आणि ६५ अश्वशक्तीच्या विमानाला ते उड्डाणात जाणवतं.

कागदपत्रांतही फरक आहे. अमेरिकेत रिबचे टाके लागत नाहीत असं साधं ठिगळ आणि शोभेचा रंग मालक-वैमानिक स्वतः करू शकतो, मात्र संतुलित कंट्रोल पृष्ठं (विमान वळवणारे, वजन साधून बसवलेले हलते भाग) त्यातून वगळलेली आहेत. रंगाने त्यांचं वजन बदललं की फ्लटरचा, म्हणजे उड्डाणात ती बेफाम थरथरण्याचा, धोका येतो, म्हणून पुन्हा संतुलन तपासावं लागतं. सुती कापडाऐवजी पॉलिएस्टर घालायचं तर एसटीसी (मूळ रचनेत बदल करण्याची मान्यता) आणि फॉर्म ३३७ (मोठ्या कामाची नोंद) हवेतच. एसटीसीत दिलेली द्रव्यं एकाच पद्धतीची वापरायची, आवडीची सरमिसळ करायची नाही.

आपल्याकडे फ्लाइंग क्लबांत पुष्पक, ऑस्टर आणि टायगर मॉथ ही कापडी विमानं होती, आणि जतन केलेल्यांवर आजही कोणाला हात फिरवायचा असेल तर हवेचा अडसर मोठा. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांपलीकडे गेली की उडणारं थिनर पृष्ठभाग थंड करतं, दव धरतं आणि डोप पांढुरकं होतं. तो पांढरेपणा नुसता डाग नसतो, तिथला थर कमकुवत असतो. सुकणं लांबवणारा रिटार्डर घातल्याने थोडी सवलत मिळते. किनाऱ्यावर पावसाळ्यात डोपला हात लावू नये. हिवाळ्यातली कोरडी दुपार निवडावी आणि संध्याकाळी दव पडण्याआधी, शेवटचा हात सुकायला दोन-तीन तास उरतील अशा बेताने, स्प्रे गन धुऊन ठेवावी.