महागाईचा सरकारी आकडा: २०१२ च्या मालिकेचा कस

ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे सीपीआय. सांख्यिकी मंत्रालय तो दर महिन्याला १२ तारखेच्या सुमारास जाहीर करते आणि बातमीत त्यातला एकच दर झळकतो. २०१२ = १०० या आधाराची, म्हणजे २०१२ चे भाव १०० धरणारी मालिका २०२५ अखेरपर्यंत चालली; ती वापरणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. खरा ऐवज निर्देशांकाच्या तक्त्यात आहे.

जुलै २०२४ घ्या. वार्षिक दर जूनच्या ५.०८ टक्क्यांवरून ३.५४ वर आला, सप्टेंबर २०१९ नंतर प्रथमच ४ च्या खाली. आता तक्ता उघडा: जूनचा निर्देशांक १९०.२, जुलैचा १९३.०. एका महिन्यात भाव जवळजवळ दीड टक्का चढले! दर उतरला तो आदल्या वर्षामुळे. जून २०२३ मधला १८१.० चा निर्देशांक टोमॅटो-भाज्यांच्या भडक्याने जुलैत १८६.३ वर गेला होता, म्हणजे ज्याने भागायचे तो आकडाच फुगलेला. म्हणून दोन रकाने ठेवाच, एक वार्षिक बदलाचा आणि एक मासिक बदलाचा. मासिक बदल वाचताना मागच्या चार-पाच वर्षांचा तोच महिना शेजारी मांडा, कारण हे आकडे हंगामी चढउतार वगळून दिलेले नसतात आणि पावसाळ्यात भाज्या बहुधा महागतातच.

३.५४ हा दर जुलैच्या आधी जाहीर झालेल्या तात्पुरत्या निर्देशांकावर, १९२.९ वर, काढलेला होता; अंतिम १९३.० धरला की ३.६० येतो. फरक लहान आहे, पण जुनी फाइल तशीच पुढे चालवली की असे फरक साचत जातात. नवा महिना भरताना आधीचा महिनाही पुन्हा भरावा.

गाभा महागाई, म्हणजे खाद्य आणि इंधन वगळून उरलेली महागाई, स्वतः काढता येते आणि हा या मालिकेचा मोठा गुण आहे, कारण गटवार भार (खर्चातला प्रत्येक गटाचा टक्क्यांतला वाटा) उघड आहेत. एकूण निर्देशांकाला १०० ने गुणा. त्यातून खाद्य व पेये गटाचा निर्देशांक गुणिले ४५.८६ आणि इंधन व प्रकाश गटाचा गुणिले ६.८४ वजा करा. उरलेल्याला ४७.३० ने भागा. हा गाभा निर्देशांक; त्याचा वार्षिक बदल म्हणजे गाभा महागाई. इथे अनेक जण फसतात: गाडीचे पेट्रोल-डिझेल इंधन गटात नाही, ते वाहतूक व दळणवळणात आहे; सोने वैयक्तिक वस्तूंच्या गटात येते. म्हणजे इंधन वगळल्यावरही पेट्रोल गाभ्यात राहतेच आणि सोने तापले की गाभा वर जातो. मागणी वाढली असा निष्कर्ष काढण्याआधी हे दोन्ही तपासा.

उणिवाही ठळक आहेत. भार २०११-१२ च्या उपभोग खर्चावर बेतलेले. घरभाडे फक्त शहरांचे, त्यामुळे ग्रामीण आकड्यात घरभाडे गटच नाही. एप्रिल आणि मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भावसंकलन अपुरे राहिले, तेव्हा त्या महिन्यांवरून कल ठरवू नये.

तरीही २०२५ पर्यंतचा कल पाहायला हीच मालिका घ्यावी, भत्त्याच्या हिशेबाला मात्र नको. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर ठरतो; तो श्रम ब्युरो काढते, आधार २०१६ = १००.